दहाव्याचं भाषण

वारूळवाडीच्या नदीघाटावर लंकाबाईचा दहावा होता. श्रद्धांजलीला आलेल्या माजी सभापतींनी कालच्याच दशक्रियेचं भाषण आजही चालवलं. “आखाडे गाजवणारा पैलवान आपण गमावला!” तिचा मुलगा हौशीराम माइककडे सरकला. तो बोलताना अडखळायचा. मोटार वाइंडिंगच्या त्याच्या दुकानात गिऱ्हाईकंच त्याची वाक्यं पुरी करायची. सभापतींनी माइकवर हात ठेवला. “राहू द्या भाऊ, तुमाला लई वेळ लागंल. आमाला अजून ओतूरचा दहावा गाठायचाय.” हौशीरामने माइक ओढूनच घेतला. “मा-माझी आ-आई कु-कुस्ती खेळत न-नव्हती.” लोक हसले, पण या खेपेला त्याला नाही. “ती-ती...” म्हणत तो अडकला. मुलगा बोलत असताना निघून जाणं मतांना परवडणारं नव्हतं. सभापती हात जोडून उन्हात उभे राहिले. हौशीरामला आज घाई नव्हती. तिकडे ओतूरला कावळा भाषणाची वाट न पाहता पिंडाला शिवून गेला.