पालथी चप्पल

तंबाखूच्या डबीत विष निघालं. ज्योतीच्या दोन्ही थोरल्या दिरांनी चाळिशी पाहिली नाही. दोघंही गेले त्या-त्या दिवशी दारात ज्याची त्याची एक चप्पल पालथी पडलेली होती.

"घराण्याला शापबिप काही नाही, ताई," श्रीगोंद्याहून आलेल्या फौजदारबाई ज्योतीला म्हणाल्या. "तुमच्या चुलतसासऱ्यानं जमिनीसाठी पुतणे मारले. डबी त्याचीच."

जीपमध्ये बसवलेल्या बिभीषणनानांनी होकारार्थी मान हलवली. "इख म्याच घातलं. पर चपलीला हात न्हाई लावला."

"मग वाऱ्यानं उलटली असंल," फौजदारबाई हसल्या.

ज्योती हसली नाही. उद्या तिच्या नवऱ्याला, अजिनाथला, चाळिसावं लागत होतं.

जीप गेली. ती वळली, तर उंबऱ्यापाशी अजिनाथची चप्पल पालथी होती. तिनं ती सरळ केली. आत जाऊन पाणी पिऊन आली, तर पुन्हा पालथी. अंगणात कुणी नव्हतं. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

तिनं चप्पल पुन्हा सरळ केली आणि तिच्यावर पाय रोवून उभी राहिली.

"तिथं काय राखण करतीस? च्या ठेव की," आतून अजिनाथ म्हणाला.

"ठेवते," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. तळव्याखाली चप्पल हळूहळू कड उचलत होती.

अजिनाथनं जन्मात कधी तंबाखू खाल्ली नव्हती.