मागचं झाकण

मोंटानातल्या त्या तळ्याकाठी पोचल्यापोचल्या लॉर्नानं बेकन, मध, टूथपेस्ट, इतकंच काय, स्वयंपाक करताना घातलेला शर्टसुद्धा नेऊन पन्नास पावलांवरच्या लोखंडी पेटीत कोंबला. दिवसभर गाडी चालवून दमलेला तिचा नवरा मर्ल गाडीमागं जोडलेल्या, झोपण्यापुरत्या छोट्या ट्रेलरमध्ये कधीच शिरून आडवा झाला होता.

शेजारच्या तंबूतली म्हातारी ग्रेटा पेटीपाशी आली. "शाब्बास गं! आता अस्वल तुमच्याकडं ढुंकूनही बघायचं नाही." मग तिची नजर लांबच्या ट्रेलरवर गेली. "अगंबाई, हा तर ऑर्विलचा!"

"हो. तो वारला ना, त्याच्या मुलीनं विकला आम्हाला."

"भारी आचरट माणूस! रोज याच वेळेला ट्रेलरच्या मागचं, स्वयंपाकाच्या कप्प्याचं झाकण उघडून एका अस्वलाला पॅनकेक चारायचा. कितीदा भांडले मी त्याच्याशी! आणि उशीर झाला की ते अस्वल झाकणावर थापा मारायचं."

लॉर्नाचा हात पेटीच्या कडीवर तसाच राहिला.

"लॉर्ना!" ट्रेलरमधून मर्लचा झोपाळलेला आवाज आला. "झाकण बडवू नकोस गं, झोपू दे की जरा!"