शेजारची सीट

“क्लच हळू सोडा, सिस्टर! हळू म्हणजे हळू!”

गाडीनं गचका खाल्ला आणि ती चढावरच बंद पडली. पुन्हा. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर ठेवलेला हात उचलायचं नाव घेईना. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. सिस्टर दवाखान्यात नर्स होत्या, रात्रपाळी संपवून थेट गाडी शिकायला येत. एरवी त्यांचा हात चांगला बसला होता. उद्या परीक्षा, आणि आज नेमकं हे.

“मी हळूच सोडतेय, सर. गाडीच हलत नाही.”

“नाचता येईना अंगण वाकडं!” मास्तर खेकसले.

खरं तर त्यांचा राग सिस्टरवर नव्हताच. सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ आज व्यसनमुक्ती केंद्रातून सुटणार होता. याच धाकट्यानं नशेत स्कूलची पहिली गाडी भिंतीवर घातली होती. आईला माती द्यायच्या वेळी कबरीपाशी तो झिंगून उभा होता. त्या दिवसापासून मास्तरांनी त्याला दारात उभं केलं नव्हतं. त्याच्यासाठी प्रार्थना मात्र ते दर रविवारी करत. सगळ्या मंडळीसमोर, उभं राहून, डोळे गच्च मिटून.

तसे मास्तर चर्चमधले पुढच्या बाकावरचे. साक्ष द्यायला उठले की त्यांचं बोलणं ठरलेलं. “माझ्या आयुष्याचं स्टिअरिंग मी प्रभूच्या हातात दिलंय. मी आपला शेजारच्या सीटवर. तो वळवील तिकडे वळायचं.” धंद्यातलं बोलणं, लोकांना आवडायचं. मागून दोनचार ‘आमेन’ हमखास पडायचे. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी दारातच त्यांना गाठून विचारलं, “मग धाकट्याला घरी आणताय ना?” मास्तर म्हणाले, “प्रभू सांगेल तसं.” आणि मग आठवडाभर त्यांनी ‘सांग, सांग’ म्हणून प्रभूच्या मागे धोशा लावला. वरून हूं की चूं नाही. याचा त्यांना खरोखरच संताप आला होता. एवढी वर्षं सेवा केलेल्या माणसाला साधं हो की नाही कळू नये?

खिशातला फोन वाजला. बायको.

“अहो, बारा वाजता सोडणार आहेत त्याला. दारात आपलं कुणी दिसलं नाही, तर तो सरळ गुत्त्यावर जाईल. आणि आता प्यायला तर लिव्हर साथ देणार नाही, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.”

“मी प्रार्थनेत ठेवलंय त्याला.”

“इतकी वर्षं प्रार्थनेत ठेवलंत. आता घरात ठेवा.”

“हे बघ, प्रभूचा इशारा आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही!”

पलीकडून फोन बंद झाला. मास्तरांनी दात ओठ खात तो खिशात कोंबला. जो तो आपल्यालाच शहाणपण शिकवायला टपलेला आहे, असं त्यांना वाटलं.

“चला, परत. फर्स्ट गिअर.”

सिस्टरनी गाडी सुरू केली. क्लच सोडला, अगदी फुलासारखा सोडला. गाडी थरथरली, कण्हली आणि बंद पडली. टेम्पोवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. “ओ मास्तर, शिकवताय की झोपवताय?”

सिस्टरनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले. रात्रभर जागलेली बाई, तिचाही धीर आता सुटला. त्या वाकल्या आणि आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

“सर, माझा पाय ब्रेकवर नाही. तरी ब्रेक खाली गेलेला आहे. बघा तुम्ही.”

मास्तरांनी बघितलं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढंही एक ब्रेक असतो. तो दाबला की चालवणाऱ्याचा ब्रेकही आपोआप खाली जातो. मास्तरांचा बूट त्या ब्रेकवर टेकलेला होता. टेकलेला कसला, रोवलेला होता. पोटरीला गोळा यायची वेळ आली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

“तुम्हीच धरून ठेवलीय गाडी,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मघापासून बोलणी मी खातेय.”

एरवी मास्तरांनी काहीतरी उलट सुनावलं असतं. आज ते आपल्या बुटाकडे नुसते बघत बसले. मागे हॉर्न वाजतच होता, पण तो त्यांना ऐकू येत नव्हता. त्यांना फार लाज वाटली. आधी सिस्टरसमोर वाटली, पाठोपाठ धाकट्याच्या आठवणीनं. मग त्यांनी पाय उचलला आणि पार मागे, सीटखाली ओढून घेतला.

“माफ करा, सिस्टर. घ्या पुढं.”

गाडी एका दमात चढ चढून वर आली. वर रस्त्याला दोन फाटे होते. डावीकडे परीक्षेचं मैदान. समोर पूल, आणि पुलाच्या पलीकडे व्यसनमुक्ती केंद्र.

“डावीकडे ना, सर?”

“सरळ.”

“सरळ? पण आपण तर रोज मैदानावर...”

“आज सरळ जायचं. एकाला घेऊन यायचंय.”

गाडी पुलाला लागली. मास्तरांनी फोन काढला आणि घरचा नंबर लावला.

“अगं, आतल्या खोलीत त्याची खाट लाव. मी आणायला निघालोय.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“काय, शेवटी बोलला वाटतं प्रभू?”

“तो कधीचा गाडी काढायला बघतोय गं,” मास्तर म्हणाले. “ब्रेकवर पाय माझा होता.”