अर्ध्यावरची पुस्तकं

चाळीस वर्षं ग्रंथालयात विषयवार पुस्तकं लावलेल्या बाबांनी निवृत्तीनंतर घरचं कपाट लावलं, आणि ते बघून लेक धास्तावलीच. खुनाच्या रहस्यकथेला खेटून मधमाशीपालन, त्याला खेटून भुतांच्या गोष्टी, मग शिवणकाम, मग प्रेमकविता. ना विषय, ना लेखक, ना उंची. महिन्याभरात दोनदा बाबांच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं होतं. तिने गुपचूप विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली होती.

“चला बाबा, डोळे तपासून येऊ,” चपला घालत ती म्हणाली. पण राहवलं नाही. “हे असं कसं हो लावलंत?”

“हातातून गेली त्या क्रमाने.” बाबांनी पहिलं पुस्तक काढलं. “काउंटरवर वाचताना जरा कुठे रंगात यावं, की कुणीतरी नेमकं तेच मागायचं. मग काय, द्यायचं! हे एकशे बाराव्या पानावर असताना कंपाउंडरने नेलं. मधमाश्या सत्तेचाळीसवर, गणिताच्या बाईंनी. भुतांची तर आठच पानं उरली होती, तेवढ्यात पोस्टमन टपकला. आता सगळी विकत आणलीत. सोडलं तिथून सुरू.”

लेकीचा जीव भांड्यात पडला. तिने हळूच चपला काढून ठेवल्या.

“बरं केलंस,” एकशे तेरावं पान उघडत बाबा म्हणाले. “फोनवर तू फार मोठ्याने बोलतेस. ते डॉक्टर डोळ्यांचे नाहीत, आणि वेळ उद्याची आहे.”