मेव्हण्याचा दोर

कड्यावर आग्या मोहोळ काढायला उतरायचं, तर वर दोर धरायला बायकोचा भाऊच हवा, असा त्यांच्या वाडीचा रिवाज. सख्खा भाऊ एखादे वेळी जमिनीच्या वाटणीचा विचार करेल. मेव्हणा काही बहिणीचं कपाळ पांढरं होऊ देणार नाही.

त्याच भरवशावर लहानू अर्ध्या कड्यावर लोंबकळत होता. धुराने माशा उठल्या, पोळं कापून डब्यात पडलं, आणि हात मोकळे होताच त्याचं तोंडही सुटलं.

“गेनू, तुझी बहीण म्हणजे जन्माची शिक्षा आहे बघ! तिच्या कालवणाला गुरंसुद्धा तोंड लावायची नाहीत. आणि जीभ? त्यापेक्षा या माशा बऱ्या, एकदा डसून गप तरी बसतात!”

वरून उत्तर आलं नाही. मेव्हणा मुळातच घुम्या, त्यामुळे लहानूला आणखीच चेव आला. त्याने सासऱ्याचा चिक्कूपणा काढला, लग्नात दिलेली लंगडी शेळी काढली.

बोलता बोलता त्याची नजर सहज बाजूला गेली. कडा वळतो तिथे, करवंदीच्या जाळीआड, गेनू निवांत उकिडवा बसला होता. शेजारी टमरेल.

लहानूने एकदा खाली दरीत पाहिलं. मग अगदी हळू वर पाहिलं. झाडाला वेढा दिलेला दोर दोन्ही हातांनी धरून, भाकरी घेऊन आलेली त्याची बायको काठावर पाय रोवून उभी होती.

“थांबलात का?” ती म्हणाली. “माझ्या आईचं राहिलंय अजून.”