झेलणारी

“आज मी पडणार नाही, मावशी.”

प्रार्थनेच्या हॉलमागच्या खोलीत मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मावशी चादरीची घडी घालत होती. पाळकसाहेबांनी कपाळावर हात ठेवला की माणसं मागे कोसळत, आणि त्यांना झेलायचं काम मावशीचं. एक पाय मागे रोवायचा, हात काखेत घालायचे, हळूच जमिनीवर टेकवायचं, मग पायांवर चादर. खरोखर कोसळणारं माणूस मागे बघत नाही. ही पोर हल्ली पडण्याआधी मागे बघायची, मावशी आहे ना म्हणून.

आई गेल्यावर तिला खरंच काहीतरी झालं होतं. किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची, सख्ख्या मावशीलाही ओळखायची नाही. मंडळीनं प्रार्थना केली आणि ती बरी झाली. देवानंच तिला बरं केलं, याबद्दल मावशीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण पाळकसाहेब पडले तिचे काका. पोर त्यांच्याच घरी राहायची. बरी झालेली मुलगी लोकांना एकदाच दाखवता येते, पछाडलेली दर रविवारी. म्हणून देवानं काढलेलं भूत साहेब दर रविवारी तिच्यात परत घालत होते, आणि हॉल गच्च भरत होता.

“बेकरीवाल्या बाई मला कामावर ठेवायला नाही म्हणाल्या,” मुलगी म्हणाली. “त्या इथे येऊन मला बघून गेल्यात. म्हणाल्या, जिच्या अंगात येतं तिला गल्ल्यावर कशी बसवू?”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती काही बोलणार, तेवढ्यात साहेब आत डोकावले.

“आज बाहेरचे पाहुणे आलेत. नीट व्हायला पाहिजे.”

“काका, मी बरी आहे.”

“बाळा, तुझ्यामुळे लोकांचा विश्वास वाढतो. आणि राहतेस कुठे, खातेस कोणाचं, तेही जरा आठव.” हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मावशीला किळस आली.

त्या दिवशीचा शास्त्रपाठ होता भविष्य सांगणाऱ्या दासीचा. तिच्यात एक आत्मा शिरला होता आणि तिच्या जिवावर तिचे धनी गब्बर झाले होते. प्रेषितानं ख्रिस्ताच्या नावानं तो आत्मा घालवला. पोर सुटली म्हणून आनंद करायचा सोडून धन्यांनी प्रेषितालाच फरफटत चौकात नेलं. साहेब माइकवर कडाडले, “दुसऱ्याच्या दुखण्यावर तुंबड्या भरणारे हे नराधम!” मंडळी ‘आमेन’ म्हणाली. स्वतःच्या तोंडून काय निघतंय ते साहेबांना ऐकू येत नव्हतं. निर्लज्जपणालाही काही हद्द असते! दानाच्या थैल्या फिरल्या आणि लगेच मुलीला पुढे बोलावणं आलं.

साहेबांनी तिच्या कपाळावर पंजा ठेवला. “ख्रिस्ताच्या नावानं सांगतो, नीघ!”

मुलगी हलली नाही. साहेबांची बोटं कपाळात रुतली. त्यांनी सरळ ढकललंच. ती एक पाऊल मागे गेली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मागे तिनं एकदाही बघितलं नाही.

“मी बरी आहे,” ती म्हणाली. या वेळी ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

कुजबुज सुरू झाली. साहेबांना घाम फुटला. त्यांनी माइक तोंडाशी धरला. “बघा, कसं खोटं बोलतंय ते तिच्या तोंडून! मोठं हट्टी आहे. मावशी, बघता काय, धरा!”

मावशीनं चादर खाली टाकली. पोर खोटं बोलते म्हणे! मावशीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. ती मुलीला वळसा घालून पुढे आली आणि पुन्हा कपाळाकडे आलेल्या साहेबांच्या हाताचं मनगट तिनं दोन्ही हातांनी गच्च पकडलं. साहेबांनी हिसडा दिला. पण चांगली आडदांड माणसं झेललेले हात ते, तसूभर हलले नाहीत. माइक अजून चालू होता. मावशी त्यावर वाकली.

“जोरात प्रार्थना करा, मंडळी. भूत सापडलंय. मी धरून ठेवलंय.”