तम्माच्या खोलीचं माळवद

"पत्रा नको," तिप्पण्णानं ठासून सांगितलं. "रातभर रुळावर राबून आलेला माणूस दिवसा पत्र्याखाली झोपंल का भाजंल?"

होटगीच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत तिघं बसले होते. तिप्पण्णा, त्याचा धाकटा भाऊ सिद्धेश्वर, ज्याला तो तम्मा म्हणायचा, आणि गवंडी चनबसप्पा. सिद्धेश्वर रेल्वेत गँगमन. कायम रातपाळी. सकाळी घरी यायचा, भाकरी खायचा आणि दिवस कलंस्तवर खाटंवर पडायचा. बायको न्हाय, लेकरू न्हाय, एकटा जीव. त्याच्या खोलीचं माळवद गेल्या पावसात ठिबकलं होतं. पुढचे पावसाळे त्यानं कशाखाली काढायचे, तेवढं ठरायचं होतं.

"मग स्लॅब टाकू की अण्णा," सिद्धेश्वर म्हणाला. " एकदाच काय ते. जल्मभर वर बघायला नको."

"स्लॅब! सोलापूरच्या उन्हात स्लॅब म्हंजे भाकरीचा तवाच की रं. अन् आपल्या मातीच्या भिंती सोसतील व्हय? काय चनबसप्पा?"

चनबसप्पानं बिडी चुलीत टाकली. "भित्तीचं खरं हाय. माळवदासारखा गारवा कशालाच न्हाय. फळ्या, वर पाचट, वर पांढरी माती. पण ती माती दर वर्साला टाकावी लागती. कोण करतंय आता? पोरं मोबाईल उचलत्यात, पाटी उचलत न्हाईत."

"मी उचलतो की. भाऊ हाय का कोण हाय मी?"

सिद्धेश्वरनं स्लॅबचा नाद सोडला. गेल्या साली त्यानं विहिरीकडच्या रानाची वाटणी मागितली होती. गावाला वाटलं, आता डोकी फुटणार. पण तिप्पण्णाचा आवाज सुदीक चढला न्हाय. "जरा दम धर तम्मा, देतो," एवढंच बोलला. असल्या भावाला न्हाय कोण म्हणंल?

माळवदच ठरलं.

"तुळया कशा हायत?" चनबसप्पानं विचारलं.

"सागवान हाय आज्ज्याच्या वक्ताचं. मी सोता शिडीवर चढून ठोकून बघितल्यात. तू फळ्यांचं बघ."

वैशाखात काम निघालं. गावठाणातली पांढरी माती ट्रॅक्टरनं आणली. तिप्पण्णा साठीला आलेला, तरी पाटी डोक्यावर घेऊन शिडी चढत होता. चनबसप्पा वरून ओरडला, "बास की अण्णा! लई झाली!"

"अजून टाक. तम्माच्या अंगावर टिपूस पडायला नको."

खाली ईरम्मा, तिप्पण्णाची बायको, कमरंवर हात ठेवून बघत होती. त्यांच्या खोल्यांवर पत्रं होतं.

"आवं, भावाला गारवा अन् आपल्याला भट्टी! दानी पयल्या बाळंतपणाला येणार हाय. पोरीला काय पापडासारखी वाळत घालायची?"

"दसरा झाल्यावर येणार की ती. तवर ऊन उतरतंय."

दानेश्वरी त्यांची एकुलती लेक, दुधनीला दिलेली. तिचं नाव निघालं की तिप्पण्णाच्या तोंडावर हसू यायचं. त्या दिवशी बी आलं. नातवासाठी पाळणा त्यानं कवाच सांगून ठेवला होता.

पाऊस लागला. सिद्धेश्वरच्या खोलीत टिपूस आलं न्हाय. "अण्णा, आईच्या पदराखाली निजल्यागत वाटतंय," तो म्हणायचा. पारावरची माणसं बी म्हणायची, भाऊ असावा तर असा. श्रावणात वर भेग दिसली म्हणून तिप्पण्णानं पुन्यांदा माती चढवली. भर पावसात, एकट्यानं.

भादव्यात झड लागली. सूर्य दिसंना. तिप्पण्णा उजाडल्या उजाडल्या फाट्यावर येऊन बसायचा. घरात करमत न्हाय म्हणायचा. टपरीवाला चेष्टा करायचा, "काय अण्णा, वैनीनं हाकलून दिलं का काय?"

एका दुपारी चनबसप्पा चिखलातनं अनवाणी पळत आला.

"अण्णा... माळवद बसलं! तम्माची खोली सपाट झाली!"

टपरीतली माणसं तशीच पळाली. तिप्पण्णानं बशीतला चहा संपवला. तुळया ठोकून बघितल्या, त्या दिवशी त्यानं शिडीवर चढून मधल्या तुळईवर हातोडी मारली, तवा आतनं वाळवीनं खाल्लेला भुसा भसाभसा गळाला होता. ते भोक त्यानं शेणामातीनं लिंपून टाकलं, कुणाला बोलला न्हाय, आणि तवापासनं पाटीवर पाटी वर चढवत होता. विहिरीकडच्या रानाची वाटणी आता कुणी मागणार न्हवतं. त्यानं उपरणं तोंडाला लावलं, गळा काढला आणि गल्लीत शिरला. "तम्मा रं! माज्या तम्मा!"

ढिगाऱ्यावर एक माणूस उघड्या हातांनी माती उपसत होता. नखं फुटून रगत येत होतं. हाक ऐकून त्यानं मान वळवली. सिद्धेश्वर होता.

"अण्णा, हात लावा लवकर! दुधनीकडं पाणी वाढलं म्हणून दानीला सकाळच्या गाडीनं हिकडं धाडली. पत्र्यावर पाऊस वाजतोय, पोरीला झोप लागंना. मी पडवीत पडलो अन् तिला म्हणलं, माज्या खाटंवर नीज बाई, तितं तुज्या अप्पानं केलेलं माळवद हाय."